दुःखात देवाचा हेतू कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजारपण, घरातला मृत्यू, गेलेली नोकरी, मोडलेले लग्न, वाट चुकलेले मूल. प्रत्येकाची कहाणी वेगळी असते, पण उपासना संपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या माणसांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे ख्रिस्ती श्रद्धेतून दिली आहेत. वाचणारा ख्रिस्ती नसला तरी बिघडत नाही.

एक आधीच सांगतो. घाव अगदी ताजा असेल, कागदपत्रे आणि नातेवाइकांचे फोन अजून थांबले नसतील, तर हे आज वाचू नका. अर्थ शोधायची ही वेळ नाही. दोन घास खा, जमेल तेवढे झोपा, रडू आले तर रडा. महिन्याभराने वाचलेत तरी प्रश्न पळून जाणार नाहीत.

हे संकट देवानेच आणले का?

यावर ख्रिस्ती लोकांचे एकमत नाही. देवाच्या इच्छेशिवाय पानही हलत नाही, असे काही जण म्हणतात. देव वाईट घडवत नाही, फक्त घडू देतो, असे काहींचे म्हणणे. दोन्ही बाजूंना वचने सापडतात आणि वाद रंगतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला मात्र त्या वादाचा फारसा उपयोग होताना मी पाहिलेला नाही.

ज्या पुस्तकात याचे उत्तर मिळायला हवे, ते बायबलातले ईयोबाचे: मुलेबाळे, संपत्ती, आरोग्य सगळे गमावलेल्या एका नीतिमान माणसाची कहाणी, ४२ अध्यायांची. सैतानाने देवासमोर ईयोबाच्या निष्ठेवर शंका घेतली, हे वाचकाला सुरुवातीच्या दोन अध्यायांतच कळते. ईयोबाला ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. ३८व्या अध्यायापासून देव वावटळीतून बोलतो खरा, पण कशाबद्दल? पृथ्वीच्या पायाबद्दल, हिमाच्या भांडारांबद्दल, डोंगरातल्या रानबकऱ्या कधी वितात त्याबद्दल. ईयोबाची दहा मुले का मेली, यावर चकार शब्द नाही. तरी ईयोब निवतो. ज्याच्याशी तो इतके अध्याय भांडत होता, तो समोर आला एवढे त्याला पुरले.

म्हणून इथल्या सगळ्या उत्तरांत मी एक भेद धरून चाललो आहे. दुःख का आले, हा एक प्रश्न. आलेल्या दुःखातून देव मला कुठे नेऊ पाहतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा हाती लागत नाही. दुसऱ्याचे शोधता येते. दोहोंची गल्लत झाली की माणूस एक तर देवाला खलनायक ठरवतो, नाहीतर स्वतःला गुन्हेगार.

मग ही माझ्या पापाची शिक्षा आहे का?

हाच प्रश्न शिष्यांनी येशूला विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य लगेच चौकशी सुरू करतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. देवाची कार्ये याच्या ठायी दिसावीत, असे म्हणतो. मग थुंकून माती कालवतो, ती त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यात धुवायला पाठवतो. शिष्यांची नजर मागे होती, येशूची पुढे.

लूकच्या १३व्या अध्यायात तर तो बातम्यांवरच बोलतो. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली होती. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असे वाटते का, असे विचारून तोच म्हणतो, नाही. अर्थात लगेच ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायलाही सांगतो, पण ते जिवंत असलेल्यांना. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब त्याने मांडला नाही. तुमच्या आजारपणात तुमच्या पापांचा हिशेब मांडणारे कोणी भेटले, तर त्यांना हे दोन अध्याय दाखवा.

पण चूक खरोखर माझीच असेल तर?

तसेही होते. दारू, पैशांची अफरातफर, विश्वासघात, गाडी चालवताना क्षणाचा बेफिकीरपणा. इथे ‘देवाची योजना’ म्हणून पांघरूण घालू नये. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात बजावतो की तुमच्यापैकी कोणी खुनी, चोर किंवा दुष्कर्मी म्हणून दुःख भोगू नये. हे लिहिणाऱ्या पेत्राचा स्वतःचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: येशूला अटक झाल्यावर, कोंबडा आरवण्याआधी तीन वेळा ‘मी त्याला ओळखत नाही’.

पण लूक २२ जरा सावकाश वाचा. पेत्राने नाकारण्याआधीच येशू त्याला सांगतो, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडणे अजून व्हायचे होते आणि पडल्यानंतरचे काम आधीच नेमून दिलेले होते. चुकीची कबुली द्या, ज्याचे नुकसान केले त्याचे भरून देता येईल तेवढे द्या, कायद्याची शिक्षा असेल तर ती भोगा. यातले काहीही तुम्हाला देवाच्या कामातून बाद करत नाही.

‘सगळे चांगल्यासाठीच होते’ असे बायबल सांगते ना?

नेमके असे नाही. रोमकरांस पत्र ८:२८ म्हणते की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. प्रत्येक गोष्ट चांगली आहे, असे त्यात कुठेही नाही. त्याच अध्यायात सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माही कण्हतो. कल्याण म्हणजे काय, तेही २९व्या वचनात लगेच येते: ख्रिस्ताच्या रूपासारखे होणे. त्यात बढतीचा उल्लेख नाही, गेलेली नोकरी परत मिळण्याचाही नाही.

दुसरे आवडते उदाहरण योसेफाचे. ‘तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले.’ वाक्य अगदी खरे आहे, पण ते कोण बोलतो आणि कधी, हे पाहा. भावांनी त्याला विकले तेव्हा तो १७ वर्षांचा होता. उत्पत्तीतली वर्षे जुळवली तर हे वाक्य बोलताना तो साधारण ५६ वर्षांचा निघतो. आणि ते त्याचे भाऊ बोलत नाहीत, तो स्वतः बोलतो. विकण्याआधी भावांनी ज्या कोरड्या विहिरीत टाकले, तिथे पडलेल्या पोराला काठावरून कोणी हे ऐकवले असते, तर तो क्रूरपणा ठरला असता. शिवाय त्याने वाईटाला वाईटच म्हटले आहे. चांगले निघाले म्हणून भावांचे कृत्य धुऊन टाकलेले नाही.

देव झेपेल तेवढेच देतो, हे खरे का?

हे वाक्य बायबलात नाही. ज्या वचनावरून ते निघाले, ते करिंथकरांस पहिले पत्र (१ करिंथ) १०:१३, मोहाबद्दल आहे: मोहातून निभावण्याचा उपायही देव करतो, असे आश्वासन. दुःखाच्या वजनाबद्दल ही पत्रे लिहिणारा प्रेषित पौल दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच उलट लिहितो. आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही, असे तो सांगतो. म्हणजे झेपले नाही. तुम्हालाही झेपत नसेल तर तुमच्या श्रद्धेत काही खोट आहे असे समजू नका.

विश्वास कमी पडला म्हणून मी बरा झालो नाही का?

असे शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे, तो लपवत नाही. आजाऱ्याच्या उशाशी उभे राहून त्याच्याच विश्वासाला दोष देणे म्हणजे बुडत्याच्या खांद्यावर आणखी एक दगड ठेवणे.

पौलाच्या शरीरात एक ‘काटा’ होता. तो निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. उत्तर आले: माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला. ज्याच्या हातून इतर लोक बरे झाले, तोच पौल आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो आणि दुसऱ्या पत्रात सहज लिहून जातो की त्रफिम या सोबत्याला मी मिलेत शहरात आजारी सोडून आलो. या दोघांच्या विश्वासाबद्दल तो तिथे अवाक्षर काढत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२: हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. एकच मंडळी, एकच देव. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता, असे कोण म्हणेल?

देवावर रागावले तर पाप लागते का?

स्तोत्रसंहिता उघडा. १३वे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असे सुरू होते. ८८वे तर अंधारातच संपते, शेवटी नेहमीची आशेची ओळही येत नाही. ते वगळायला कोणाला सुचले नाही, हे बरे झाले. येशूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हणून जी हाक मारली, ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव कोणाला दटावतो? पुस्तकभर देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांना. भांडणारा ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, असे देव म्हणतो.

भांडायचे तर देवाशी भांडा. त्याच्याशी बोलणे टाकून चारचौघांत त्याच्याविषयी कुढत बसण्यापेक्षा ते बरे.

हेतू प्रत्यक्षात सापडतो तरी कसा? आकाशवाणी तर होत नाही.

होत नाही. मी पाहिलेल्या बहुतेकांना तो कामातून, हळूहळू आणि मागे वळून पाहताना सापडला. आधी हेतू कळला आणि मग त्याप्रमाणे वागले, असे क्वचितच होते.

सुरुवात करायला सर्वात ठोस जागा २ करिंथ १:४. देव आमच्या संकटात आमचे सांत्वन करतो, ते यासाठी की त्याच सांत्वनाने आम्ही इतरांचे सांत्वन करावे. यात दोन टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी सांत्वन घ्यायचे, मग द्यायचे. अनेक जण पहिला टप्पा गाळतात. मुलाच्या अंत्यविधीनंतर दोनच आठवड्यांत दुसऱ्यांसाठी प्रार्थनागट सुरू करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. वर्षभरात त्या कोसळतात.

मराठी वाचकाला पंडिता रमाबाई परक्या नाहीत. मोठ्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, हाताशी लहान मुलगी. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात होरपळलेली हीच बाई १८९७च्या सुमारास पुन्हा दुष्काळी मुलखात शिरली आणि शेकडो मुली व विधवांना घेऊन केडगावला आली. उपाशी मुलीचे डोळे कसे दिसतात, हे त्यांना कोणी सांगावे लागले नसेल. पण या कामासाठीच देवाने त्यांचे आईवडील उपाशी मारले, असे गणित मी मांडणार नाही आणि तुम्हीही मांडू नका. दुष्काळ वाईटच होता. देवाने ते वाईट वाया जाऊ दिले नाही, एवढेच म्हणता येते, आणि ते पुरेसे आहे.

आता तुमच्यापुरते. या दुःखाने तुम्हाला आधी न दिसणारे काय दिसू लागले, ते पाहा. डायलिसिसच्या रांगेतली माणसे, कोर्टाच्या बाकावर एकटी बसलेली बाई, शाळेत वेगळे पडलेले मूल: ही माणसे आधीही तिथे होतीच. ज्याच्याकडे आता तुमची नजर जाते, त्याच्यापासून सुरुवात करा. काम लहान धरा. एका माणसाला आठवड्यातून एक फोन, एवढेसुद्धा चालेल. आपला कल तपासायला पाळक किंवा एखाद्या जाणत्या विश्वासणाऱ्याशी बोला, कारण दुःखात आपण कधी कधी हेतूच्या नावाखाली स्वतःलाच शिक्षा करत असतो. आणि दुसऱ्यासाठी काही करायची ताकद नसेल, तर बिछान्यावर पडून एका नावासाठी केलेली प्रार्थना हेही कामच आहे.

मला देव जाणवतच नाही. मी श्रद्धा गमावली का?

जाणवणे आणि असणे यांत अंतर आहे. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले, कारण कित्येक दशके त्यांना आत नुसता अंधार आणि कोरडेपणा जाणवत होता. प्रार्थना आणि काम त्यांनी सोडले नाही. हे वाचून काहींना धक्का बसला. मला उलट हायसे वाटले.

औदासीन्य, नैराश्य यावर औषध घेणे म्हणजे अविश्वास का?

नाही. १ राजे १९ पाहा. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खाऊन पुन्हा झोपतो, देवदूत त्याला पुन्हा उठवून खायला घालतो. पुढची कामगिरी त्याला बऱ्याच नंतर, होरेब डोंगरावर मिळते.

चार्ल्स स्पर्जन हे १९व्या शतकातले लंडनचे नावाजलेले उपदेशक. १८५६ मध्ये त्यांच्या सभेत कोणीतरी आगीची खोटी आवई उठवली आणि चेंगराचेंगरीत सात जण मेले. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर नैराश्य त्यांच्या मागे लागले आणि त्यांनी त्याविषयी व्यासपीठावरून उघड बोलून दाखवले.

डॉक्टरांकडे जा, गोळ्या लिहून दिल्या तर नेमाने घ्या. जीव द्यावा असे विचार येत असतील तर एकटे राहू नका. आत्ता, याच क्षणी, घरातल्या किंवा ओळखीच्या कोणालातरी सांगा आणि त्यांच्यासोबत रुग्णालय गाठा. प्रार्थना वाटेत करता येते.

‘आपापला वधस्तंभ’ म्हणून मारहाण, अन्याय सोसत राहायचा का?

नाही. वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, असे येशू म्हणतो तेव्हा तो ज्याने त्याने स्वतःहून उचलायचा असतो. दुसऱ्याने तो तुमच्या खांद्यावर ठेवायचा आणि वर वचन ऐकवायचे, याला शास्त्रात आधार नाही.

पौलाने छळ सोसला, पण जिथे वाट होती तिथे ती घेतली. दिमिष्कात त्याला टोपलीत बसवून तटावरून खाली सोडले. यरुशलेमेत फटके मारायला त्याला चामडी पट्ट्यांनी बांधत असताना त्याने शताधिपतीला विचारले, रोमी नागरिकाला चौकशीविना फटके मारणे कायद्यात बसते का? फिलिप्पैत अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडायचे ठरवले, तेव्हा पठ्ठ्या हलेना. चौकशी न करता आम्हाला उघड मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. आणि ते आले, विनवण्या करत.

घरात मार खाणाऱ्या बाईने सुरक्षित जागी जावे, तक्रार करावी. क्षमा हा वेगळा विषय आहे आणि ती लांबूनही करता येते.

दुःख ‘अर्पण करणे’ म्हणजे काय?

हा शब्दप्रयोग मुख्यतः कॅथोलिक परंपरेतला. आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून दुसऱ्यांच्या कल्याणासाठी प्रार्थनेने देवापुढे ठेवणे, असा त्याचा अर्थ. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १९८४ मध्ये त्यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक पत्रच लिहिले. प्रॉटेस्टंट मंडळ्या इथे सावध असतात: ख्रिस्ताचे बलिदान पूर्ण आहे, त्यात आपण भर घालत नाही. त्यांचेही बरोबर आहे. पण ‘प्रभू, हा दिवस असा आहे, तो तुझ्या हाती देतो’ एवढे म्हणायला दोन्हीकडे कोणाची हरकत नसावी.

इतकी वर्षे झाली, हेतू सापडलाच नाही. मग?

मग तो न सापडता जगावे लागते. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासाने तलवारीच्या धारेतून सुटलेल्यांची नावे निघतात, आणि दोन-तीन वचनांनंतर विश्वासानेच तलवारीने मारल्या गेलेल्यांचा उल्लेख येतो. दोघेही एकाच यादीत. त्यांना वचन दिलेले मिळाले नाही, असे लेखक स्पष्ट लिहितो.

मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूला पुढे काय होणार हे ठाऊक होते: तो त्याला पुन्हा जिवंत करणार होता. तरी तो रडला. चांगला शेवट माहीत असणाऱ्यालाही तेव्हाचे दुःख दुःखच वाटले. तेव्हा तुम्ही पुनरुत्थानावर विश्वास ठेवूनही दर वाढदिवसाला गेलेल्या मुलासाठी रडत असाल, तर त्यात विसंगती काही नाही.

दुसऱ्याच्या दुःखात मी काय बोलू?

शक्यतो कमी. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. तोंडे उघडली आणि सगळे बिघडले. ‘देवाला फूल आवडले’, ‘निदान दुसरे मूल तरी आहे’, ‘यातून देव तुला काहीतरी शिकवतोय’ ही वाक्ये घरीच ठेवून जा. गेलेल्या माणसाचे नाव घ्या. डबा द्या, औषधे आणून द्या, बँकेच्या रांगेत उभे राहा. आणि तिसऱ्या महिन्यात जा, तेव्हा बाकीच्यांनी येणे थांबवलेले असते.

वाचायला सुरुवात कुठून करू?

आधी स्तोत्रे: १३, ४२, ८८, १३०. एका वेळी एकच, आणि जमल्यास मोठ्याने. मग मार्कलिखित शुभवर्तमान, ते सर्वात छोटे आहे आणि झपाट्याने पुढे सरकते. १४व्या अध्यायात गेथशेमानेपाशी, येशू अटकेआधी प्रार्थना करतो तिथे, थोडे थांबा. नंतर २ करिंथ, पौलाचे सर्वात हळवे पत्र. ईयोब वाचायचा तर पहिले तीन अध्याय आणि मग थेट ३८ ते ४२. मधली मित्रांची भाषणे अंगात बळ आल्यावर. प्रकटीकरणाचा २१वा अध्याय, देव डोळ्यांतले अश्रू पुसतो तो, हवा तेव्हा वाचा. त्याच्या आधीचे वीस मात्र या दिवसांत राहू द्या.